चिमूटभर जवळा

सातपूर, नाशिक
रविवार, दुपार

प्रिय आत्या,

सप्रेम जयभीम.

पाकीट बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्या ओळीतच सांगते, घरी सगळे ठीक आहेत. पप्पांची शुगर आटोक्यात आहे. मम्मीचा खांदा अजून दुखतो, पण कणकेला ती मला हात लावू देत नाही. मीही ठीक आहे. नाही, हे खरं नाही लिहिलं. दवाखान्यात जावं असं काही नाही, पण ठीकही नाही. घरातून निघाले की गॅस बंद केला का ते बघायला जिन्यावरून परत येते, आणि गॅस बंदच असतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "गॅस नाय चालू, तुझं डोकं चालू हाय. ते कर बंद."

तू भुसावळला राजदादाकडे गेल्यापासून फोनवर हे बोलता येत नाही. राजदादा फोन स्पीकरवर टाकतो, मग सगळं भुसावळ मला जयभीम करतं, वहिनी उन्हाचं विचारते, छोटी कविता म्हणून दाखवते, आणि तू लांबूनच "बरी हाय गं, जेवलीस का?" एवढं म्हणून नळाला पाणी आलंय असं सांगत निघून जातेस. तुमच्या क्वार्टरमध्ये नळाला दिवसभर पाणी असतं, हे वहिनीनेच मला सांगितलं आहे. म्हणून लिहायला बसले. पत्राला स्पीकर नसतो. तू ते घेऊन गच्चीवर जा आणि एकटी वाच.

काल धरणावर मच्छीमार संस्थेची सभा झाली. नवीन बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, सोडायच्या आधी ठरायचं होतं, की यंदा पाण्यातल्या सगळ्या पिंजऱ्यांना आपण बनवलेलं खाद्य घालायचं की बाजारातलं. या सभेची मी किती वाट बघत होते ते तुला माहीत आहे. आणि त्याच सभेत मला उठून एक गोष्ट सांगायची होती. सांगितली तर आपलं खाद्य पिंजऱ्यांपर्यंत पोचणार नव्हतं. नाही सांगितली तर पिंजऱ्यांतले मासे उपाशी राहतील आणि तिथल्या घरांचा हंगाम जाईल, अशी भीती होती. कुठली गोष्ट, ते तुला कदाचित आत्ताच कळलं असेल. नसेल कळलं तर तसंच पुढे वाच. मला सुरुवातीपासून यावं लागेल. सरळ सांगायला गेलं की माझा घसा बंद होतो.

तो पहिल्यापासूनच बंद होतो. म्हणून तर बाकीची मुलं शाळेत गेली तरी मी घरीच होते. फाटकाशी गेलं की मला उलटी व्हायची आणि बाई म्हणायच्या, घेऊन जा हिला, पुढच्या वर्षी बघू. पप्पा पाळीवर, मम्मी अंगणवाडीत, आणि तू कॅन्टीनमधला सकाळचा स्वयंपाक उरकून मसाल्याच्या वासाच्या पदराने माझं तोंड पुसायचीस. तांदळाच्या पोत्यावरची अक्षरं तू मला वाचायला लावलीस. बसच्या कपाळावरच्या पाट्या वाचायला लावल्यास. "द्वारका" वाचता आलं तेव्हा तू आख्ख्या स्टॉपला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने शाबास म्हणाली होतीस आणि मी तुझ्या मागे लपले होते. पण त्याहून आधीचा धडा चुलीपाशी झाला. दुसऱ्याच्या पानात वाढायचं ते आधी आपल्या जिभेवर ठेवायचं. कॅन्टीनमधली माणसं हुकूम पाळल्यासारखी भराभर जेवत असली, तरी पातळ पाण्यासारखं कालवण तू कधी वाढलं नाहीस. भाज्या कमी आल्या तर त्यात मूठभर जवळा जायचा, साहेबांना न विचारता. "कोरडं खाऊन मशीनवर कसं उभं राहायचं?" असं म्हणायचीस. मी अजून माशांच्या खाद्याच्या प्रत्येक घाण्यातला दाणा तोंडात टाकून बघते. ललित म्हणतो, तू मेलीस तर पोस्टमार्टेममध्ये सोयापेंड निघेल.

खाद्याची कल्पना माझी, असं सगळे म्हणतात. ती तुझी होती. तो बुधवारचा बाजार आठवतो? तू सुकट उचललंस, भाव ऐकलास आणि परत ठेवलंस. सुकट विकणारी मावशी म्हणाली, "बारीक मासळी आता बाजारात येतच नाय. परस्पर फॅक्टरीत जाती, वाळवून पूड करत्यात, अन् ती पूड तळ्यातल्या माशांना घालत्यात." तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "म्हणजे गरिबाच्या ताटातलं काढून माशाच्या तोंडात? मासा खाऊन मासा वाढवायचा, ह्यात वाढलं काय?" तू तशीच पुढे कांदे बघायला गेलीस, पण माझ्या मागे ते वाक्य लागलं. घरी येऊन मी वाचत बसले. शेंगदाण्याची पेंड, सोयाबीनची पेंड, मका, तांदळाचा कोंडा, जवस, पाण्यावर वाढणारा ॲझोला, सगळं आपल्या जिल्ह्यात मिळतं. समुद्राला हात न लावता मासा वाढवता येईल का, एवढाच प्रश्न होता. म्हणजे मला तो एवढासा वाटला होता.

ललितला मी कॉलेजपासून ओळखते, पण या कामासाठी त्याला पसंत तू केलंस. "पोरगं बोलतं फार, पण हात काळे हायत, म्हणजे कामाचं हाय." त्याने वडिलांच्या वर्कशॉपमध्ये दाणे पाडायचं मशीन जुळवलं. पहिले दाणे विटेसारखे निघाले. मग असे निघाले की पाण्यात पडताच त्यांचं पिठलं व्हायचं. सोयापेंड नीट भाजली नाही तर माशांना पचत नाही, हे कळायला वर्कशॉपमधली माशांची एक टाकी खराब झाली. मग त्याला द्राक्षं सुचली. वाइनवाल्यांकडचा चोथा फुकट मिळतो, गोणीवर छापू, द्राक्षं खाल्लेला नाशिकचा मासा. चोथ्याने दाणा कडू झाला आणि माशांनी तो थुंकला. ललित टाकीच्या काठावर बसून त्यांना म्हणत होता, "अरे, गंगापूर रोडवरची लोकं पैसे देऊन पितात हे, तुम्हाला काय झालं?" तू हसून हसून पदर तोंडात धरला होतास. ते आठवलं की अजून हसू येतं.

शेवटी दाणा जमला. तरंगायचा, फुटायचा नाही, मला तरी खमंग लागायचा. मच्छीमार संस्थेचा कारभार बघणाऱ्या हिरामण काकांनी धरणावरच्या संस्थेच्या जागेतल्या टाक्या दिल्या. एका रांगेला बाजारातलं खाद्य, एका रांगेला आपलं. बाजारच्या रांगेत दाणा पडताच पाणी हलायचं. आपल्या रांगेतली चिलापी मासळी वर यायची, दाणा तोंडात घ्यायची, आणि परत सोडून द्यायची. मी रोज कंपनीच्या लॅबमधून सुटून बसने तिथे जायचे आणि पाण्यावर फुगलेले दाणे जाळीने काढायचे. मासे बारीक दिसायला लागले. मला वाटलं, मीच त्यांना उपाशी मारतेय. मग तू म्हणालीस, "मी जाते राहायला. टाकीपाशी खोली हाय, चूल हाय, मला काय लागतं? लहान पोरं आन् मासे सारखेच, ताट ठेवून निघून गेलं की जेवत नायत." मला किती हलकं वाटलं ते मी तेव्हा सांगितलं नव्हतं.

तू गेलीस आणि मासे जेवायला लागले. मी बसमधून उतरायचे, तर तू करवंटी टाकीच्या काठावर वाजवत असायचीस आणि पाण्यात नुसती धांदल. बाजारच्या रांगेला मागे टाकून आपली रांग भरत गेली. संस्थेतली माणसं येऊन बघायला लागली. भागीबाई, मासे विकायला नाशिकला टोपली घेऊन येणारी, ती तर म्हणाली, "आत्याबाईंच्या हाताला चव हाय, माशाला बी कळती." सगळ्यांनी ते उचललं. हाताला चव. ललितने गोणीवर तुझा हात छापायचं ठरवलं होतं. तू तेव्हा हसली नव्हतीस, हे मला आता आठवतं. तू चुलीकडे वळून काहीतरी ढवळायला लागली होतीस आणि पातेलं रिकामं होतं.

मासे काढायच्या दिवशी काकांनी तुझा सत्कार ठेवला. शाल आणली, नारळ आणला. आयुष्यभर तू दुसऱ्यांच्या सत्काराची जेवणं रांधलीस, म्हणून मी आदल्या दिवशी तुझ्या पांढऱ्या साडीला इस्त्री केली. सकाळी तू पिशवी घेऊन दारात. म्हणालीस, गुडघा दुखतो, भुसावळला राजकडे जाऊन येते, तिथला डॉक्टर चांगला हाय. कुणाशी भांडल्यासारखी गेलीस. शाल मी घेतली. काका म्हणाले, "बाई लय मोठ्या मनाची, मान नको म्हणून निघून गेली." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र रागावले होते, आत्या. मला वाटलं, माझ्या आयुष्यातला एक चांगला दिवस, तोही तुला गुडघ्यापेक्षा मोठा वाटला नाही. शाल कपाटात ठेवली. पहाटे गारठा असायचा, पण मी ती अंगावर घेतली नाही. माझी नाही ना.

तू गेल्यावर टाक्यांतल्या उरलेल्या माशांना मीच खाद्य घालत होते. रजा टाकून, सकाळ-संध्याकाळ. तुझ्यासारखीच करवंटी वाजवायचे. ते यायचे, वरचेवर तोंड लावायचे आणि सोडून द्यायचे. मी पाणी तपासलं. पेंड तपासली, बुरशी आहे का बघितलं. जवस खवट झालं का, म्हणून सगळा घाणा फेकून नवा केला. ललित वैतागला. मग एका सकाळी, तिथल्या खोलीत चहा टाकायला साखर शोधताना, चुलीमागे डालड्याचा जुना डबा सापडला. आत कुटलेला जवळा. मला वाटलं, तुझ्या चटणीचा असेल, आणि तुझी आठवण येऊन मी बोटाने चाखलाही. तिखट नव्हता. मीठही नव्हतं. चटणीसाठी कुणी जवळा असा पिठासारखा कुटत नाही. मग मी खाद्याच्या पिंपाचं झाकण काढलं आणि डोकं आत घातलं. तळाशी वास तसाच होता.

एक चिमूट घेऊन मी टाकीपाशी गेले. दाण्यांना चोळली आणि टाकले. पाणी उकळावं तसं झालं. इतके दिवस मी ज्यासाठी झुरत होते, ते समोर घडत होतं, आणि मला धावत जाऊन कुणालातरी सांगावंसं वाटलं, की आले, जेवले. मग कळलं की हे कुणालाही सांगता येणार नाही. मी तिथेच काठावर बसून राहिले. चहासाठी चुलीवर ठेवलेलं दूध उतू गेलं, पातेलं जळलं. त्या पातेल्याची माफी माग म्हणू नकोस, ते मी घासून ठेवलं आहे.

तुझा राग आला का? आला. खोटं लिहिणार नाही. पण फार वेळ टिकला नाही, कारण तू काय म्हणाली असशील ते मला ऐकू येत होतं. मुकं जनावर तोंड फिरवतंय आणि ही पोरगी ते कधी जेवतील म्हणून घड्याळ बघतेय. तू माझं वाटोळं करायला घातला नव्हतास जवळा. तुला त्यांचं उपाशी राहणं बघवलं नाही. आणि कदाचित माझं जाळी घेऊन दाणे काढणंही बघवलं नसेल. हे दुसरं मला नंतर सुचलं, आणि तेव्हापासून माझं जेवण नीट होत नाही.

ललितला सांगितलं, तर तो आधी हसला आणि मग गंभीर होऊन म्हणाला, "मग काय बिघडलं? भाजीत मीठ घालतो तसा जवळा. गोणीवर एक ओळ वाढवू." मी म्हटलं, गोणीवर आपण लिहिलंय की यात समुद्रातलं काही नाही. तो म्हणाला, "चिमूटभराला कोण विचारतो?" मी म्हटलं, किती चिमूट, ते तरी कुठे माहीत आहे? तू डोळ्यांनी मापतेस. कधी चिमूट असेल, कधी मूठ असेल. आपली रांग पेंडीवर वाढली की जवळ्यावर, हे मला आता कसं कळणार? आणि सगळ्या पिंजऱ्यांना पुरेल एवढा जवळा आणायचा म्हणजे परत त्याच बाजारात, त्याच मावशीच्या टोपलीत हात घालायचा. तो चिडला. त्याने मशीनसाठी जागा बघून ठेवली होती. म्हणाला, "तुला खरं बोलायचं नसतं, तुला झोप लागायला हवी असते." मला ते लागलं. घरी येऊन विचार केला, की हे खरं असेल तर? मी सगळं स्वतःच्या झोपेसाठी करते का? त्या विचाराने झोप आणखीच गेली.

तुला विचारून मग सभेत बोलावं, असं मनात होतं. फोन लावला. नळाला पाणी आलं.

काल सभेत काका माझ्या खाद्याचं कौतुक करत होते. मी उभी राहिले, तर ते म्हणाले, "हां, बोल पोरी, लाजू नको." सगळे माझ्याकडे बघत होते. मी दाराकडे बघितलं. का बघितलं ते तुला कळेल. दारात चपला होत्या नुसत्या. मग मी एका दमात सांगून टाकलं, की टाक्यांतल्या खाद्यात जवळा पडत होता, मला माहीत नव्हतं, आता माहीत आहे, त्याशिवाय मासे खात नाहीत, तेव्हा हे खाद्य पिंजऱ्यांना घेऊ नका. आणि खाली बसले.

मग मागून नवनाथने, तो होडीवाला, सगळ्यांना टोमणे मारणारा, विचारलं, "पडत होता म्हंजी? आभाळातून?" तुझं नाव मी घेतलं नाही, आत्या. पण नाही असंही म्हणाले नाही. खोटं बोलता आलं नाही आणि खरं बोलवलं नाही. तोवर भागीबाईनेच कपाळावर हात मारला. "अगं बया! आत्याबाई! तरी म्हनलं, चुलीवर भात अन् खोलीला वास जवळ्याचा!" आणि हसू फुटलं. एक हसला, मग सगळी सभा हसायला लागली. नवनाथ म्हणाला, "मासे काय, मीबी जेवलो असतो." मला रडू येत होतं आणि ते हसत होते. भागीबाई माझ्यापाशी सरकली आणि म्हणाली, "रडती कशाला? माझ्या हातून बी झालं असतं. पोटाला कोरडं कसं घालवतं बाईमानसाला?"

मग काकांनी हसणं थांबवलं. ते म्हणाले, "पोरी, खाद्य तुझं खोटं नाय. पण अजून खरं बी झालेलं नाय. आमची लेकरं या पाण्यावर जगत्यात. सगळे पिंजरे नाय द्यायचा मी." एवढं ऐकून ललित उठून बाहेर गेला. मी शाल सोबत नेली होती, ती काकांपुढे ठेवली. त्यांनी ती हातात घेतली, झटकली, नीट घडी घातली आणि मला परत दिली. म्हणाले, "ही काय जवळ्याला दिली व्हती? मुकी उपाशी ठेवली नाय, म्हणून दिली. तिची तिला दे." मग सगळ्यांकडे बघून म्हणाले, एक पिंजरा देऊ. कडेचा. जमलं तर पुढच्या हंगामाला बोलू.

घरी येताना बसमध्ये मला तो व्हरांडा आठवला. माझ्या शाळेचं घरी कुणी सांगतं तेव्हा म्हणतात, संजनाला आत्याने शाळेत बसवलं. बसवलं नव्हतं तू, स्वतः बसली होतीस. पहिले काही दिवस वर्गात, माझ्या बाकाला लागून, गुडघे मुडपून. बाई चिडायच्या आणि तू त्यांना लसूण सोलून द्यायचीस. मग दारात बसायला लागलीस. मग व्हरांड्यात, जिथून मला फक्त तुझा पदर दिसायचा. मग फाटकाबाहेरच्या टपरीवर. आणि एक दिवस तू तिथेही नव्हतीस. ते माझ्या लक्षात आलं तोवर पाढा म्हणून झाला होता. माशांच्या बाबतीतही तू तेच करत होतीस ना? त्यांच्याबरोबर वर्गात जाऊन बसलीस. फक्त या वेळी दाराकडे सरकायचं राहून गेलं, आणि एकदम भुसावळला गेलीस.

तर आता सांगते, का लिहिलं. एक म्हणजे, सभेत तुझं नाव निघालं, हे तुला नवनाथच्या किंवा आणखी कुणाच्या तोंडून कळायला नको होतं. माझ्या अक्षरात कळावं. कुणी तुला चोर म्हटलं नाही. हसले, ते आपल्या माणसाला हसतात तसं हसले. आणि दुसरं, काकांनी दिलेल्या पिंजऱ्यात लवकरच बोटुकली येतील. ती जिथून येतात तिथे त्यांना माशांच्याच पुडीची सवय लागलेली असते, म्हणून आपला दाणा बघून आधी तोंड फिरवतील. मी काकांना विचारून घेतलं आहे. सुरुवातीला आपण जवळा घालायचा, उघड, गोणीवर लिहून, वजन करून. मग दर आठवड्याला थोडा कमी. वर्गातून दारात, दारातून व्हरांड्यात. आणि शेवटी काहीच नाही, तरी ते जेवतात का ते बघायचं. नाही जेवले तर मी तसंही सभेत सांगेन, आणि तेव्हा तू दाराशी असशील. ललित परत येईल, सकाळीच त्याचा मेसेज आला की वजनकाटा तपासून आणतो. हे सगळं मला एकटीने करता येईल, पण मला वाटतं, तू फाटकाबाहेर जावंस एवढी मीही अजून तयार नाही. गुडघा खरंच दुखत असेल तर खोलीत खुर्ची ठेवते. शाल तिथेच खुंटीला लावली आहे, पहाटे लागेल. ये. येताना जवळा तूच घेऊन ये, मला चांगला निवडता येत नाही. पण या वेळी डबा माझ्यासमोर उघडायचा.

तुझीच, अजून दाराकडे बघणारी,
संजना